उष्टं दूध

शकू, काल आपल्या डेअरी डिपार्टमेंटमध्ये तुझी शोकसभा झाली. मला मळमळायला लागलं म्हणून मी मधेच उठून बाहेर आले. सगळ्यांना वाटलं, गिरिजाबाई रडायला गेल्या. रडायला कुठली जाते मी! नळाखाली तोंड धरून उभी होते.

हेड बोलत होते. "शकुंतलाबाई अत्यंत साध्या, मनमिळाऊ. कधी कुणाला त्रास दिला नाही." त्रास दिला नाही म्हणे! या माणसानं इतक्या वर्षांत तू केलेल्या पनीरचा एक तुकडा जिभेवर ठेवला नाही. आपल्याकडं पदार्थ चाखून मार्क द्यायची रीत. रंगाला इतके, वासाला इतके, पोताला इतके, चवीला इतके. मास्तरलोक चाखतात, चूळ भरतात, पुढची बशी ओढतात. तुझी बशी समोर आली की हेडना सर्दी व्हायची. भर वैशाखात! परभणीचा उन्हाळा, बाहेर कावळ्याची चोच उघडी पडलेली, आणि साहेब नाकाला रुमाल लावून म्हणणार, "आज नाक चोंदलंय, तुम्हीच बघून घ्या." आणि तू एवढी बिलंदर, की एकदा त्यांच्या टेबलावर निलगिरीची बाटलीच नेऊन ठेवलीस. "सर, सारखीच सर्दी व्हायलीय तुम्हाला, वास घेत जा." त्यांनी ती ठेवूनपण घेतली, निलाजऱ्यानं.

त्याच माणसानं काल तुझ्या फोटोला हार घातला. सगळ्यांनी घातले. तुझं नवं लेकरू कुठं आहे, काय पितं, जगेल का, हे एकानंही विचारलं नाही. मला तर तू गेल्यापासून दुसरं काही सुचतच नाही. तुझी पोर जगली पाहिजे, बस्स.

तुला माहीत नसलेलं सांगते. तू दवाखान्यात होतीस, रक्त थांबत नव्हतं, वर ताप. मी आले तेव्हा तुझे डोळे मिटलेले. तुझे भास्करराव बाहेर पायरीवर डोकं धरून बसलेले. आत तुझी आई, आपली मावशी, तुझ्या पोलक्याचे हुक काढून वाटीत चीक पिळत होती. पिवळाजर्द, चिकट. जेमतेम वाटीचा तळ झाकला असेल. आणि माझ्या डोळ्यांदेखत तिनं ती वाटी मोरीत ओतली.

"मावशी, काय करायलात हे!" मी ओरडलेच.

"घाण काढायलीय माय. नऊ महिन्याचं तुंबलेलं हाय. लेकराच्या पोटात जायला नको."

लेकराच्या तोंडात गुळाच्या पाण्याचा बोळा होता. मोरीच्या कडेला तो पिवळा ओघळ तसाच राहिलेला. मला मावशीची किळस आली, शकू. खरं सांगते. तुला जन्म दिलेल्या बाईची किळस आली. ज्या गोष्टीसाठी तू गावोगाव घसा कोरडा केलास, तीच तुझ्या अंगावर, तुझ्याच आईनं केली. मी वाटी हिसकावून घेतली. पण हिसकावून उपयोग काय, चीक गेला तो गेलाच. दुसऱ्या दिवशी तूही गेलीस. तुला ते कळलं होतं का? तू शुद्धीत होतीस का तेव्हा? मी मावशीला अजून विचारलेलं नाही. विचारणारही नाही.

झरीच्या वाटेवरची ती वस्ती आठवते का तुला? म्हैस नुकतीच व्यालेली. घरच्या म्हातारीनं मोठ्या कौतुकानं आपल्याला खरवस दिला, गूळ-वेलदोडा घातलेला. देण्याआधी विचारलं, "तुमी कोणच्या गं पोरींनो?" तू सांगितलंस. मी सांगितलं. मग मला ताटलीत आला आणि तुला पळसाच्या पानावर. मी ताटली खाली ठेवली. तू मात्र पान चाटूनपुसून साफ केलंस, आणि मग म्हातारीला विचारलंस, "आजी, म्हशीचा चीक एवढा गोड लागतोय, मग सुनेचा चीक का पिळून टाकता?"

"अय्या, शी! बाईचा व्हय? ते नासकं असतंय."

"म्हशीचं न्हाई का नासकं?"

"म्हशीची गोष्ट निराळी."

तू तिथंच बसकण मारलीस. खरवस थिजतो तो कशानं थिजतो, हे तिला समजावायला लागलीस. साधं दूध तापवलं तर थिजत नाही, चिकाचं थिजतं, कारण त्यात निराळीच प्रोटीनं गच्च भरलेली असतात. आईनं आयुष्यात जेवढे रोग पाहिलेत तेवढ्यांशी भांडणारी प्रोटीनं. ती वासराला दिली नाहीत तर वासरू मरतं, हे म्हातारीलाही ठाऊक होतं. मुंडी हलवत होती. आणि शेवटी काय म्हणाली? "पटतंय बाई. पर बाईचं ते घाणच."

येताना एसटीत मी नुसती धुमसत होते. तू म्हणालीस, "गिरजे, माझं पान स्वच्छ होतं गं. तुझ्या ताटलीला राखेचा वास येत होता."

"तुला राग कसा येत नाही?"

"येतो की. पण किळस म्हणजे काय, नुसतं अज्ञान. आत काय आहे हे माणसाला दिसलं, की किळस जाते."

"डोंबल जाते! म्हातारीला सगळं पटलं होतं. पटूनसुद्धा किळस गेली नाही. जिला माहीत नाही तिला शिकवशील, जिला माहीत असूनही ओकारी येते तिचं काय करशील?"

तेव्हापासून आपलं भांडण हेच. खोलीवर, लॅबमध्ये, माझ्या लग्नात, तुझ्या लग्नात. तू एक बाजू सोडली नाहीस, मी दुसरी. आणि प्रत्येक वेळी तू तुझं ते कांगारू मध्ये आणायचीस.

पुण्याहून कुणीतरी तुला झेरॉक्स पाठवले होते, कांगारूच्या दुधाबद्दलचे. एवढे फिके की अर्धी अक्षरं अंदाजानं वाचायची. तुला नुसतं वेड लागलं होतं. मी म्हणायची, "बाई गं, मानवतच्या बाजारात कांगारू विकायला आलं की मला सांग. तोवर म्हशीचं बघ." तू ऐकशील तर शपथ. पिल्लू जन्मतं ते घेवड्याच्या बीएवढं, तू सांगायचीस. डोळे नाहीत, केस नाहीत, मागचे पाय धड झालेले नाहीत. तसंच आईच्या पोटावरून चढत पिशवीत जातं, एक आचळ तोंडात धरतं आणि कितीतरी दिवस सोडतच नाही. आपलं लेकरू पोटात वाढतं, त्याचं दुधावर वाढतं. म्हणून दूधच बदलत जातं. आधी पातळ, गोड, स्निग्धांश नावाला. मग हळूहळू दाट. आणि नुसतं दाट नाही, त्यातली प्रोटीनंच पालटतात. केसीन शेवटपर्यंत असतं, गोळे गोळे करून कॅल्शियम वाहणारं, पोटात गेलं की दही होणारं. पण निवळीतली, दही फुटल्यावर सुटणाऱ्या पाण्यातली, प्रोटीनं वेळ बघून येतात. काही सुरुवातीला येतात आणि बंद होतात. एक तर असं, की पिल्लू पिशवीबाहेर तोंड काढायला लागल्यावरच दुधात उतरतं.

प्रोटीनची घडी समजावायला तू अंगावरचा पदर घ्यायचीस. लांबच लांब धागा, पण घातलेल्या घडीतच काम करतो, घडी मोडली की काम संपलं. मग ब्लाऊजच्या पिना काढून पदराला लावायचीस. हे गंधकाचे टाके, यांनी घडी जागेवर राहते. एका प्रोटीनच्या पोटात खिसा असतो, चंचीत सुपारी बसते तसा त्यात स्निग्धाचा बारका कण बसतो. ते प्रोटीन कांगारूच्या दुधात आहे, म्हशीच्या आहे, बाईच्या दुधात मात्र नाही. का नाही? तुला ते शोधायचं होतं. पिना काढून ठेवायचीस आणि विसरायचीस, मग तासाला जाताना पदर सावरत माझ्या नावानं शंख.

आणि तुझी सगळ्यात लाडकी गोष्ट. मोठं पिल्लू बाहेरून पिशवीत तोंड घालून आपल्या जुन्या आचळाचं पितं, त्याच वेळी नवं जन्मलेलं शेजारच्या आचळाला चिकटलेलं असतं. एकच आई, एकच रक्त, आणि दोन आचळांत दोन निराळी दुधं, ज्याच्या-त्याच्या वयाची. तू म्हणायचीस, "आईचं दूध ही एकच एक वस्तू नसते गिरजे. त्या दिवसाचं दूध त्या दिवसासाठी." मी हात जोडायची आणि भाजी फोडणीला टाकायची.

तू गेल्यावर भास्कररावांना विचारून मी तुझ्या लेकीला घरी आणलं. विचार कसला करायचा होता? माझं पोर अंगावर पितंय, मला दूध आहे, तिला नाही. पण तिला पहिल्यांदा लावलं आणि तुझं कांगारू आठवलं. माझं पोर आता पालथं पडतं. माझं दूध त्याच्या वयाचं, दोन्हीकडं तेच. मी काही कांगारू नाही. पहिल्या दिवसाचं मी कुठून आणू? ते मोरीत गेलं. तरी पोरगी जीव खाऊन ओढत होती, बारकी मूठ माझ्या मंगळसूत्रात अडकवून. मग मी काहीच विचार केला नाही. रडले तेवढी.

आणि आमच्या आत्याबाई! माझी सासू, मानवतहून नातवाला सांभाळायला आलेली. दारात उभी राहून बघत होती. पोरगी प्यायली, तिला खाली ठेवलं, माझं पोर रडायला लागलं म्हणून त्याला उचललं.

"थांब, थांब! त्या लेकराचं उष्टं माझ्या नातवाच्या तोंडात घालतीस?"

मला आधी कळलंच नाही. उष्टं! लेकराच्या ओठाला लागलेलं आईचं अंग उष्टं!

"अंघोळ तरी करून ये. न्हाई तर धुऊन घे."

मग माझं डोकं फिरलं. म्हटलं, "आत्याबाई, गळ्यात लिंग बांधता ना? आपल्यात पाच विटाळ मानत नाहीत म्हणून चारचौघांत सांगता ना? जन्माचा नाही, मरणाचा नाही, पाळीचा नाही, जातीचा नाही, उष्ट्याचा नाही. मला लग्न झाल्यावर तुम्हीच शिकवलंत."

"ते शिवकीर्तनात ऐकायचं असतंय. घर त्याच्यावर चालत न्हाई."

आमचे हे पेपरात तोंड खुपसून बसलेले. विद्यापीठाच्या नावाचं एवढी वर्षं भिजत घोंगडं पडलंय, त्याबद्दल यांची मतं विचार! नामांतर झालंच पाहिजे म्हणून पत्रकावर सही केलीय, सगळ्या कॉलनीला सांगत फिरतात. मी म्हटलं, बोला की आता. तर म्हणाले, "आई म्हातारी आहे, तू समजून घे." शी! सही करताना मनगट दुखलं नाही, घरात जीभ उचलायला जड झाली.

शेवटी आत्याबाईंनी तोड काढली. मोठा उपकार केल्यासारख्या म्हणाल्या, "येवढंच हाय तर डावी बाजू तिला दे, उजवी आपल्या पोराला ठेव. मिसळू नकोस म्हंजे झालं."

शकू, मी हसायला लागले. वेड्यासारखी हसले. तुझं कांगारू आत्याबाईंनी न वाचता शोधून काढलं होतं! फक्त तिथं दोन पिल्लांच्या वयासाठी दोन दुधं, इथं दोन जातींसाठी. हॉटेलात तुमच्यासाठी निराळी कपबशी ठेवतात ना बाहेर, तीच रीत त्यांनी माझ्या छातीवर आणून ठेवली. हसता हसता मला शिसारी आली ती अजून जात नाही. आणि वाईट कशाचं वाटलं सांगू? मी जिंकले होते. आपल्या भांडणात मी जिंकले होते. आत काय आहे हे आत्याबाईंना मी सगळं समजावून सांगितलं, दोन्हीकडं एकच दूध आहे म्हटलं, अगदी पदराची घडी घालून दाखवली, आणि त्या "कळलं" म्हणाल्या, आणि तरी नाक मुरडून उभ्याच. तू असतीस तर दुसऱ्या दिवशी परत समजावलं असतंस. माझ्यात तो जीव नाही.

मी बाजू-बिजू काही पाळली नाही. जी भरलेली ती द्यायची. पण सुट्टी संपलेली, कॉलेजला जावंच लागतं. काल शोकसभेहून घरी आले तर माझं पोर पाळण्यात, आणि पडवीत पोत्यावर एक गोधडी. रिकामी. मी घरात नसले की तुझ्या लेकीला आत्याबाई पडवीत आणून ठेवत होत्या. मावशी नातीला बघायला आली आणि तिनं ते पाहिलं.

"हितं का निजवलीय?" तिनं विचारलं म्हणे.

"हवा लागावी म्हणून," आत्याबाई म्हणाल्या.

मावशीनं गोधडी बाजूला सारली. लेकरू उचललं आणि चालू लागली. हे मला आत्याबाईंनी अगदी सहज सांगितलं, भाजी निवडता निवडता. वर म्हणाल्या, "गेली ते बरं झालं. तुलाबी आराम." मी त्यांच्याकडं बघितलं आणि मला वाटलं, आता या हातचं पाणीसुद्धा प्यायला नको.

आज सकाळी पोराला कडेवर घेऊन मी मावशीच्या घरी गेले. आत्याबाई मागून ओरडत होत्या, "गेलीस तर मी मानवतला जाईन!" म्हटलं, स्टँड माहीत आहेच तुम्हाला.

तुझी लेक एका रात्रीत उतरलीय गं. शेळीचं दूध पाणी घालून पाजलेलं, ते सगळं उलटून पडलेलं, टाळू खोल गेलेली. रडायचंसुद्धा बळ नाही, नुसती मांजराच्या पिलासारखी कुरकुर. मी हात पुढे केला. "मावशी, द्या तिला इकडं."

मावशीनं दिली नाही.

"का आलीस?"

"पाजायला."

"उपकार करायलीस?"

"मावशी, ती मरंल हो!"

"मला दिसतंय. डोळे हायेत मला." तिचा आवाज अजिबात चढला नाही. "नामांतराच्या दंगलीत गाव सोडलं आमी. घरं पेटवली, ती आमच्याच हातचं राबणं खाणाऱ्यांनी. हितं येऊन म्या धुणंभांडी केली, शकूला शिकवली. कुणाच्या पडवीत न्हाई वाढवली. तिची लेक पडवीत पोत्यावर निजायची? तुमच्या घरचं दूध पिऊन उद्या ती कुणाम्होरं मान वाकवंल?"

मला मावशीचा राग आला होता त्या वाटीवरून, तोही मनात होताच. तोंडात आलं होतं, की तिचं स्वतःचं दूध तर तुम्हीच ओतून दिलंत. आलं आणि गिळलं. तिच्या तोंडाकडं बघितलं आणि वाटलं, हिला कळलेलं आहे ते. माझ्या ओरडण्यानंच कळलं असेल.

"मग मी काय करू, सांगा."

मावशी उठली. चुलीपाशी पाट टाकला. भाकरी, अंबाडीची भाजी, लसणाची चटणी, तेलाची धार. "बस. आज मटण-वशाट काय न्हाई शिजवलं. तुझं मला म्हाईत हाय."

म्हणजे ती वाट बघत होती, शकू! लेकरू उचलून नेलं आणि माझ्यासाठी सकाळी अंबाडी शिजवली!

"आधी खा. रोज हितं येऊन खायचं. माझ्या चुलीची भाकर तुझ्या पोटात जाऊ दे, तिचं दूध होऊ दे, मग माझ्या नातीला पाज. म्हंजे ती माझंच पिली."

मी जेवले. भाकरीवर भाकरी वाढत गेली ती बाई, आणि मी खात गेले, नाकातून पाणी गळेपर्यंत. कुणाला शिकवायचं नव्हतं, कुणाला पटवायचं नव्हतं. तू आणि मी एवढी वर्षं भांडलो, आणि दोघींना हे सुचलं नव्हतं. मग हात धुतला आणि तिनं लेकरू माझ्या मांडीवर दिलं. पहिल्यांदा तिला ओढताच येईना. मी पिळून ओठावर थेंब सोडले. जीभ हलली. मग धरलं तिनं. मावशीनं तोंडात पदर कोंबला.

पोरगी पिऊन पिऊन झोपली, ओठाच्या कोपऱ्यातून दूध ओघळलेलं. तोवर माझ्या पोरानं भोकाड पसरलं. मावशीनं त्याला उचललं, पदरानं त्याचं नाक पुसलं, आणि माझ्याकडं बघून विचारलं, "ह्यालाबी भूक लागलीय. हे दूध आता माझ्या भाकरीचं हाय. आन् माझ्या नातीचं उष्टं हाय. तुझ्या सासूच्या नातवाला चालंल?"

मी तुझ्या लेकीला हळूच सोडवलं, पुसलं नाही, धुतलं नाही, आणि त्याच बाजूला त्याला लावलं. डोळे मिटून प्यायला लागला गुलाम. मावशी समोर बसून बघत होती, तो पिऊन होईपर्यंत.